लिनक्स कर्नलमध्ये जीपीआयओ पिन चालू करणं : कोकणातून वारंवार येणारे प्रश्न

अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतची बरीच मंडळी पंप, टाकी, आंब्याची खोली, कोळंबीचं तळं यासाठी लिनक्सचे छोटे बोर्ड लावतायत आणि तेच ते प्रश्न परत परत येतात, म्हणून ते इथे एकत्र केलेत. जीपीआयओ म्हणजे बोर्डवरच्या ज्या पिना प्रोग्रॅममधून चालू बंद करता किंवा वाचता येतात त्या, आणि कर्नल म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा लिनक्सचा गाभा. बहुतेकांकडे राझबेरी पाय हा छोटा संगणक आहे (पुढे नुसतं "पाय") त्यामुळे उदाहरणं त्याचीच जास्त, पण कर्नलचा भाग सगळ्या बोर्डांना लागू आहे. कमांड आणि ऑप्शनची नावं उच्चाराप्रमाणे लिहिलीत, टाइप करताना नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने करा.

१. पिन तर बोर्डवर आहे, मग त्यात कर्नलचा काय संबंध?

पिन बोर्डवर असली तरी ती चिपच्या आतल्या रजिस्टरला (पिनची स्थिती ठरवणाऱ्या बिटांच्या जागेला) जोडलेली असते, आणि त्या रजिस्टरमध्ये कुठला बिट शून्य केला की पिन इनपुट होते, कुठला एक केला की आउटपुट, हे प्रत्येक चिपमध्ये वेगळं असतं. ते सगळं ज्ञान कर्नलमधल्या ड्रायव्हरकडे असतं. त्या सगळ्या ड्रायव्हरांवर एक सामाईक थर आहे, त्याचं नाव जीपीआयओलिब, तो २००८ साली २.६.२५ कर्नलमध्ये आला, आणि त्याच्यामुळे तुमच्या प्रोग्रॅमला खाली ब्रॉडकॉमची चिप आहे की ऑलविनरची याच्याशी देणंघेणं राहत नाही.

दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आत्ता ही पिन कोणाच्या ताब्यात आहे याची नोंद कर्नल ठेवतो. एकाच पिनवर एक प्रोग्रॅम पंप चालवतोय आणि दुसरा तीच पिन सेन्सर म्हणून वाचतोय असं झालं तर नुकसान पंपाचं होतं, म्हणून ही नोंद लागते. खालची अर्धी उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

२. मला फक्त विहिरीवरचा पंप चालू बंद करायचाय, एवढ्यासाठी लिनक्स लागतं का?

खरं सांगायचं तर नाही. एक पंप आणि एक फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीप्रमाणे चालू बंद होणारा) एवढंच असेल तर इएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घ्या, त्यात लिनक्स नसतं, लाईट गेली आली तरी एसडी कार्ड खराब व्हायची भीती नसते आणि वीजही कमी खातं. कॅमेरा, डेटाबेस, दहाबारा सेन्सर, घरचं वायफाय सांभाळणं असं सगळं एकाच डब्यात हवं असेल तेव्हा लिनक्स बोर्ड घ्या आणि पुढचं वाचा.

३. कर्नल कंपाइल करावाच लागतो का? आमच्याकडे नेट फार स्लो आहे.

दहातल्या नऊ वेळा नाही (कंपाइल म्हणजे सोर्समधून कर्नल नव्याने बांधणं). आधी तपासा की तुमच्या चालू कर्नलमध्ये काय आहे. /प्रॉक/कॉन्फिग.जीझेड ही फाइल असेल तर झेडकॅट करून त्यात "जीपीआयओ" ग्रेप करा, ती नसेल तर /बूट फोल्डरमध्ये "कॉन्फिग-" ने सुरू होणारी फाइल बघा. प्रॉकमधली फाइल मॉड्यूलमध्ये (लागेल तेव्हा घालायच्या कर्नलच्या तुकड्यात) दडलेली असू शकते, आधी "मॉडप्रोब कॉन्फिग्ज" करून बघा.

ऑप्शनपुढे "वाय" असेल तर तो कर्नलच्या पोटातच आहे, "एम" असेल तर मॉड्यूल म्हणून डिस्कवर पडलाय आणि मॉडप्रोब केला की चालू, आणि "इज नॉट सेट" असेल तरच कंपाइल करायचा विषय निघतो. राझबेरी पायच्या अधिकृत ओएसमध्ये मूळ जीपीआयओ आधीच ऑन असतं. कंपाइल लागलंच तर सोर्स आणताना गिट क्लोनला "डेप्थ १" द्या, म्हणजे सगळा इतिहास उतरत नाही, आणि पायवरच कंपाइल करत बसू नका, लॅपटॉपवर क्रॉस कंपाइल (एका चिपवर दुसऱ्या चिपसाठी कंपाइल) करा, त्यासाठी आर्कला "एआरएम६४" आणि क्रॉस कंपाइलला "एआर्क६४-लिनक्स-ग्नू-" द्यायचं (शेवटची डॅश विसरू नका, त्यावर खूप जण अडकतात).

४. मेन्यूकॉन्फिगमध्ये नक्की काय काय ऑन करायचं?

कोरं कॉन्फिग घेऊन सुरुवात करू नका. पाय ४ ला "बीसीएम२७११_डेफकॉन्फिग", पाय ५ ला "बीसीएम२७१२_डेफकॉन्फिग" मेक करा आणि मग मेन्यूकॉन्फिग (कर्नलचे ऑप्शन निवडायचा मेन्यू) उघडा. आत डिव्हाइस ड्रायव्हर्समध्ये "जीपीआयओ सपोर्ट" दिसेल. एआरएम बोर्डवर त्याच्यापुढे बहुतेक वेळा चौकोनी कंसाऐवजी दोन डॅशमध्ये तारा दिसतो, म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी ऑप्शनने ते आधीच सक्तीने ऑन केलंय, तुम्हाला बंद करता येणार नाही आणि करायचंही नाही.

त्याखाली तीन गोष्टी बघा. पहिली कॅरेक्टर डिव्हाइस सपोर्ट, म्हणजे जीपीआयओ_सीडेव्ह, ज्याच्यामुळे /डेव्ह/जीपीआयओचिप० अशा फाइली तयार होतात, ही हवीच. दुसरी एबीआय (प्रोग्रॅमने कर्नलशी बोलायची ठरलेली पद्धत) व्हर्जन १, जुने प्रोग्रॅम चालवायचे असतील तर ठेवा. तिसरी जीपीआयओ_सिसएफएस, /सिस मधल्या फाइलींतून पिन हलवायची जुनी पद्धत, तिच्याबद्दल प्रश्न ७. याशिवाय डीबग एफएस (कर्नलच्या आतली माहिती दाखवणारं फोल्डर) ऑन ठेवा, अडचण आली की त्याच्याशिवाय चाचपडावं लागतं.

आणि एक गोष्ट लोक विसरतात, नुसतं जीपीआयओलिब ऑन करून काही होत नाही, चिपचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो. तो बऱ्याचदा जीपीआयओच्या मेन्यूत नसतोच, तो "पिन कंट्रोलर्स" मध्ये असतो, कारण पिन इनपुट आउटपुट म्हणून वापरायची की आयटूसी, यूएआरटी (दुसऱ्या चिपांशी बोलायच्या पद्धती) म्हणून हे ठरवणारा आणि पिन हलवणारा ड्रायव्हर एकच असतो. पायसाठी तो पिनकंट्रोल_बीसीएम२८३५. बीगलबोन या बोर्डवर मात्र जीपीआयओ_ओमॅप वेगळा आहे.

५. लोक सांगतात तो ऑप्शन माझ्या मेन्यूत दिसतच नाही, सोर्स खराब आहे का?

सोर्स ठीक आहे. ऑप्शन ज्याच्यावर अवलंबून आहे ते बंद असलं की मेन्यू तो ऑप्शनच लपवतो. मेन्यूकॉन्फिगमध्ये असताना स्लॅश दाबा, नाव टाका, मग "डिपेंड्स ऑन" ची ओळ नीट वाचा, त्यात प्रत्येकाच्या पुढे आत्ताची व्हॅल्यू पण लिहिलेली असते. उदाहरणार्थ पीसीएफ८५७४ या पिना वाढवणाऱ्या चिपचा ड्रायव्हर आयटूसी ऑन असल्याशिवाय दिसणार नाही.

सिसएफएसवाला ऑप्शन शोधणाऱ्यांची वेगळी अडचण आहे. नव्या कर्नलमध्ये तो "एक्स्पर्ट" ऑन केल्याशिवाय दिसत नाही, आणि एक्स्पर्ट हा जनरल सेटअपमध्ये "कॉन्फिगर स्टँडर्ड कर्नल फीचर्स" या नावाने आहे. आणि तो ऑन केलात की कॅरेक्टर डिव्हाइसवाला आपोआप ऑन होतो, कर्नलवाल्यांनी मुद्दाम तसं ठेवलंय, लोकांनी नव्या पद्धतीकडे यावं म्हणून.

हाताने डॉट कॉन्फिग फाइल एडिट करून ओळ घुसवू नका, अवलंबित्व जुळलं नाही तर पुढच्या मेकमध्ये ती ओळ गुपचूप उडते आणि तुम्हाला वाटतं ऑन केलंय. घुसवलीच तर "मेक ओल्डडेफकॉन्फिग" करून मग ग्रेप करून खात्री करा.

६. वाय ठेवू की एम?

बूट होतानाच लागणारं सगळं वाय. चिपचा मूळ पिन ड्रायव्हर वाय. बाकी सेन्सर, एक्सपांडर (पिना वाढवणाऱ्या चिपा), यूएसबीवाले पिन एम ठेवा, बिघडलं तर काढून परत घालता येतं. मधली अडचण अशी की वाय असलेला ड्रायव्हर एम असलेल्या पिन ड्रायव्हरची वाट बघत बसू शकतो, कर्नल त्याला "नंतर ये" सांगून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि जर त्या पिनवर एसडी कार्डाचा किंवा डिस्कचा वीजपुरवठा अवलंबून असेल तर मॉड्यूल ज्या डिस्कवर आहे ती डिस्कच मिळत नाही. अशा वेळी दोन्ही वाय करा.

७. दोन पावसाळे चालणारी स्क्रिप्ट अपडेट केल्यावर बंद पडली, १७ नंबर एक्सपोर्ट करताना "इनव्हॅलिड आर्ग्युमेंट" येतंय. काय झालं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. स्क्रिप्ट /सिस/क्लास/जीपीआयओ वापरते ना? (एक्सपोर्ट म्हणजे तिथे पिन वापरायला मागणं.) तिथला नंबर हा पिनचा नंबर कधीच नव्हता, तो कर्नलने सगळ्या चिपा एका ओळीत लावून दिलेला नंबर होता. पायवर पहिली चिप शून्यापासून सुरू व्हायची म्हणून १७ म्हणजे १७ असा योग जुळला होता. नव्या कर्नलमध्ये हे नंबर ५१२ पासून पुढे वाटले जातात, त्यामुळे ६.६ कर्नल आल्यावर पाय ४ वर १७ ची पिन ५२९ झाली. पाय ५ वर आणखी वेगळा आकडा येतो.

आता ५२९ लिहून स्क्रिप्ट चालू होईल, आणि बरेच जण तेवढंच करून थांबतात. माझं म्हणणं आहे थांबू नका. उद्या एक एक्सपांडर जोडलात की चिपा पुढे मागे होतील आणि ज्या नंबरवर काल दिवा होता तिथे आज पंप असेल. २०१६ मध्ये ४.८ कर्नलपासून कॅरेक्टर डिव्हाइसची पद्धत आहे, आणि सिसएफएस तेव्हापासून कालबाह्य ठरवलेलं आहे. चिपचं लेबल आणि लाइनचं (कर्नल पिनला लाइन म्हणतो) नाव वापरा, आकडा नको. कसं ते पुढच्याच उत्तरात.

८. मग नवीन पद्धतीने पिन हलवायची कशी? आणि त्याच कमांड मित्राकडे चालतात माझ्याकडे नाही, असं का?

लिबजीपीआयओडी या कॅरेक्टर डिव्हाइस वापरणाऱ्या लायब्ररीची टूल्स घाला. "जीपीआयओडिटेक्ट" ने चिपा दिसतील, पाय ४ वर "पिनकंट्रोल-बीसीएम२७११" लेबलची चिप ५८ लाइनींची दिसते. "जीपीआयओइन्फो" ने प्रत्येक लाइनचं नाव, इनपुट की आउटपुट, आणि कोणी धरलीय ते दिसतं. मग "जीपीआयओगेट" वाचायला, "जीपीआयओसेट" लिहायला, "जीपीआयओमॉन" बदल होतोय का ते बघत बसायला.

मित्राकडे चालतं तुमच्याकडे नाही याचं कारण व्हर्जन. १.एक्स मध्ये चिप आणि नंबर असे दोन शब्द लागोपाठ द्यायचे. २०२३ मध्ये आलेल्या २.० मध्ये चिप डॅश सी लावून द्यावी लागते, किंवा चिप न देता सरळ लाइनचं नाव देता येतं, "जीपीआयओगेट जीपीआयओ१७" एवढंच, कर्नलने नंबर कसेही वाटलेले असले तरी. उत्तरही १ आणि ० ऐवजी "अॅक्टिव्ह" आणि "इनअॅक्टिव्ह" येतं, आकडे हवे असतील तर "न्यूमेरिक" चा फ्लॅग द्या. २.० ला कर्नल किमान ५.१० लागतो, कारण ती एबीआयच्या दुसऱ्या व्हर्जनवर चालते. जुन्या बोर्डवर विक्रेत्याने दिलेला ४.९ वगैरे कर्नल असेल तर १.एक्स च वापरा.

"परमिशन डिनाइड" आलं तर सुडो लावून मोकळे होऊ नका, यूजरला "जीपीआयओ" ग्रुपमध्ये घाला, लॉगआउट करून परत या. ज्या ओएसमध्ये तो ग्रुप नाही तिथे यूडेव्हचा (डिव्हाइस फाइलींच्या परवानग्या ठरवणारा) एक नियम लिहावा लागतो.

९. जीपीआयओसेट केलं की रिले ऑन होतो आणि लगेच ऑफ होतो (किंवा कमांड संपतच नाही). कुठलं बरोबर?

दोन्ही बरोबर, परत व्हर्जनचा फरक. १.एक्स मध्ये कमांड पिन सेट करून लगेच बाहेर पडायची, २.० मध्ये ती पिन धरून बसते, तुम्ही कंट्रोल सी करेपर्यंत.

आतली गोष्ट अशी की कॅरेक्टर डिव्हाइसमध्ये जोपर्यंत तुमचा प्रोग्रॅम लाइन धरून आहे तोपर्यंतच तिची हमी. सोडली की पुढे काय होईल हे चिपच्या ड्रायव्हरवर. पायचा ड्रायव्हर सोडलेली पिन पूर्वी इनपुट करून टाकायचा, म्हणून रिले (पिनच्या इशाऱ्यावर वीज जोडणारा स्विच) पडायचा. सिसएफएसमध्ये हे जाणवत नव्हतं कारण एक्सपोर्ट केलेली पिन कर्नलच धरून ठेवायचा. नव्या कर्नलमध्ये या ड्रायव्हरला "पर्सिस्ट_जीपीआयओ_आउटपुट्स" असा पॅरामीटर दिलाय, तो १ असेल तर आउटपुट तसंच राहतं.

पण पंपासाठी मी तो पॅरामीटर वापरू नका म्हणेन. सिस्टमडीची (लिनक्समध्ये मागे चालणारे प्रोग्रॅम सांभाळणारा) एक सर्व्हिस लिहा जी सुरुवातीपासून शेवटपर्यंत लाइन धरून ठेवते आणि बंद पडली की पंपही बंद होतो, म्हणजे प्रोग्रॅम क्रॅश झाला तर पंप रात्रभर कोरडा फिरत राहत नाही. नुसता अडकला, क्रॅश नाही झाला, तर पिन तशीच राहते हे लक्षात ठेवा, त्यासाठी सर्व्हिसला वॉचडॉग (अडकलेला प्रोग्रॅम ओळखून मारणारा) लावा आणि विहिरीत पाण्याच्या खालच्या पातळीला कर्नलशी संबंध नसलेला साधा फ्लोट स्विच थेट कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणारा मोठा स्विच) कॉइलमध्ये घाला. वेगवेगळ्या प्रोग्रॅमना तीच पिन हवी असेल तर लिबजीपीआयओडी २.२ पासून जीपीआयओ-मॅनेजर नावाचं डिमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) आहे, ते लाइन धरून बसतं आणि बाकीचे त्याला सांगतात.

१०. दादा, लाईट जाऊन आली की पंप एक सेकंद आपोआप चालू होतो. आमच्याकडे पावसात दिवसातून दहादा लाईट जाते, मोटर जाईल अशाने.

भीती रास्त आहे. वेळेचे तीन तुकडे करून बघा.

लाईट आल्यापासून फर्मवेअर (कर्नलच्या आधी चालणारा बोर्डाचा प्रोग्रॅम) सुरू होईपर्यंत कोणाचंही सॉफ्टवेअर चालू नसतं, तेव्हा पिन फक्त रेझिस्टरच्या म्हणण्याप्रमाणे असते. जुन्या पायपासून पाय ४ पर्यंत ० ते ८ या पिना आतून वर (हायकडे, म्हणजे १) ओढलेल्या असतात आणि ९ ते २७ खाली (लोकडे, म्हणजे ०). बाजारातली बहुतेक रिले बोर्डं लो दिल्यावर ऑन होणारी असतात, म्हणजे अशा बोर्डासाठी ५ किंवा ६ नंबर निवडणं १७ पेक्षा सुरक्षित. आतला रेझिस्टर साधारण ५० किलोओहमचा, कमजोर, त्यामुळे बाहेरून १० किलोओहम रिले बंद राहील त्या बाजूला लावाच.

दुसरा तुकडा फर्मवेअरपासून कर्नल उठेपर्यंतचा. पायवर कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये "जीपीआयओ=५=ओपी,डीएच" अशी ओळ टाकली की फर्मवेअरच पिन आउटपुट हाय करून ठेवतं. बुकवर्म या ओएसच्या आवृत्तीपासून ही फाइल /बूट/फर्मवेअर मध्ये आहे, जुन्या जागी शोधत बसू नका.

तिसरा तुकडा तुमची स्क्रिप्ट, आणि बऱ्याच जणांचा दोष इथेच सापडतो. सिसएफएसमध्ये डायरेक्शनला "आउट" लिहिलं की पिन आधी लो होते, मग पुढच्या ओळीत तुम्ही १ लिहिता, मधल्या क्षणात रिले खटकन वाजतो. डायरेक्शनमध्ये "आउट" ऐवजी "हाय" लिहा, पिन थेट हाय होऊनच आउटपुट होते. लिबजीपीआयओडीमध्ये लाइन मागतानाच सुरुवातीची व्हॅल्यू देता येते, ती द्याच.

बोर्डाची एनेबल लाइन वगैरे कायम एकाच स्थितीत ठेवायची असेल तर डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे जोडलंय याचं कर्नलला दिलेलं वर्णन) "जीपीआयओ-हॉग" लिहा, ड्रायव्हर चालू होताच कर्नल ती लाइन स्वतः धरतो. पण हॉग केलेली लाइन मग कुठल्याच प्रोग्रॅमला मिळत नाही, म्हणून पंपाला हॉग नको.

आणि वायरिंगचं एक, पायची पिन ३.३ व्होल्टची, एका पिनमधून १६ मिलीअॅम्पच्या वर मागू नका. ५ व्होल्टच्या साध्या निळ्या रिलेची कॉइल ७० मिलीअॅम्पच्या आसपास घेते, तिला थेट पिनवर लावलं तर पिन जाते. ऑप्टोवाल्या बोर्डवर जंपर काढून व्हीसीसीला ३.३ आणि जेडी-व्हीसीसीला ५ द्या, नाहीतर ३.३ चा हाय त्या बोर्डाला पूर्ण हाय वाटत नाही आणि रिले सुटतच नाही.

११. "डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी" येतंय, मी तर काहीच चालू केलेलं नाही.

जीपीआयओइन्फोमध्ये त्या लाइनपुढे धरणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. एसपीआय (चिपांशी बोलायची आणखी एक पद्धत) ऑन केलं असेल तर ७ आणि ८ नंबर चिप सिलेक्ट म्हणून गेलेले असतात, वन-वायर (एका तारेवर सेन्सर वाचायची पद्धत) ऑन केलं असेल तर ४ नंबर. जे वापरत नाही ते कॉन्फिग.टीएक्सटी मधून काढा.

उलट प्रकारही आहे आणि तो जास्त त्रासदायक, इन्फोमध्ये लाइन मोकळी दिसते पण खरं तर ती आयटूसी किंवा यूएआरटीला लागलेली असते, कारण ते वापर जीपीआयओ म्हणून नसतात. तिथे डीबग एफएसमधल्या पिनकंट्रोल फोल्डरात "पिनमक्स-पिन्स" बघा, किंवा पायवर "पिनकंट्रोल गेट" कमांड.

१२. टाकीचा फ्लोट स्विच उन्हाळ्यात बरोबर चालतो, जून लागला की भरली-रिकामी-भरली असं नाचतो. डिबाउन्स वाढवून पण फरक नाही.

डिबाउन्स (स्विचची थरथर गाळण्यासाठी थांबायचा वेळ) वाढवून फरक पडणार नाही, कारण बहुधा हा कॉन्टॅक्ट उडायचा प्रश्नच नाहीये. समुद्रापासून दोनचार किलोमीटरच्या आतल्या घरात हेडरच्या पिनांवर आणि स्क्रू टर्मिनलमध्ये मीठ बसतं, हवेत ओल आली की ते मीठ वीज वाहायला लागतं, आणि पिन ते ग्राउंड असा एक चोरटा रेझिस्टन्स तयार होतो. आतला पुलअप (पिन हायकडे ओढणारा रेझिस्टर) ५० किलोओहमचा, चोरटा रेझिस्टन्सही तेवढाच झाला की व्होल्टेज मधेच लोंबकळतं आणि कर्नल बिचारा कधी १ कधी ० वाचतो. तपासणं सोपं आहे, बोर्डाकडची वायर काढा आणि वाचा, रीडिंग स्थिर झालं तर दोष वायर आणि टर्मिनलमध्ये.

उपाय म्हणजे बाहेरून २.२ किंवा ४.७ किलोओहमचा पुलअप. टर्मिनल साफ करून कॉन्फॉर्मल कोटिंग (ओल आत न जाऊ देणारा थर) मारा, बोर्ड एअरटाइट पीव्हीसी बॉक्समध्ये ठेवा, केबल खालच्या बाजूने आत घ्या म्हणजे पाणी ओघळून आत जात नाही. विहिरीपासून घरापर्यंत लांब वायर असेल तर पिनला थेट आणूच नका, पीसी८१७ सारखा ऑप्टोकपलर (प्रकाशातून इशारा पोचवणारा, त्यामुळे वायर चिपपासून वेगळी ठेवणारा) मध्ये घाला. मे अखेरच्या विजा लांब वायरीतून थेट चिपपर्यंत पोचतात, गडगडाट सुरू झाला की ती वायर काढून ठेवलेली बरी.

कर्नलच्या बाजूने दोन गोष्टी. पुलअप सांगितलाय का ते बघा, बायस (पिन आतून वर ओढायची की खाली) ठरवायची सोय कॅरेक्टर डिव्हाइसमध्ये ५.५ कर्नलपासून आहे, सिसएफएसमध्ये ती नव्हतीच. आणि वायर ठीक केल्यावर मग डिबाउन्स, जीपीआयओमॉन २.० मध्ये डिबाउन्स पीरियड देता येतो आणि तो कर्नलमध्येच होतो, पायथॉनमध्ये स्लीप टाकण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

१३. आंब्याच्या खोलीत डीएचटी२२ लावलाय, पायथॉन लायब्ररी चारातून एकदा फेल होते. सेन्सर बदलू?

सेन्सर बदलायच्या आधी कर्नलचा ड्रायव्हर वापरून बघा. डीएचटीचा प्रत्येक बिट मायक्रोसेकंदात मोजावा लागतो, पायथॉन मध्येच बाजूला ढकललं गेलं की बिट हुकतो. कर्नलमध्ये कॉन्फिग_डीएचटी११ नावाचा ड्रायव्हर आयआयओ (सेन्सरांच्या) मेन्यूत आहे, २२ पण त्याच्यावरच चालतो, पायवर "डीएचटी११" ओव्हरले (डिव्हाइस ट्रीला जोडायचा तुकडा) टाकायचा आणि साध्या फाइलमधून तापमान आणि आर्द्रता वाचायची. तरीही एखादं रीडिंग चुकतं, परत वाचा.

अशाच बऱ्याच गोष्टींना तयार ड्रायव्हर आहेत, दिव्यांना जीपीआयओ-लेड्स, बटणांना जीपीआयओ-कीज, पंख्याला जीपीआयओ-फॅन, अल्ट्रासॉनिकला एसआरएफ०४. स्वतः पिन हलवत बसायच्या आधी ड्रायव्हर्सच्या मेन्यूत एक फेरी मारा.

फक्त तापमान हवं असेल तर डीएस१८बी२० घ्या, वन-वायर, जीपीआयओवाला मास्टर आणि थर्म हे तीन ऑप्शन लागतात, डेटा लाइनला ४.७ किलोओहम. त्याचं रीडिंग अचानक बरोबर ८५ आलं तर खोली तापलेली नाही, सेन्सरची वीज जाऊन आलीय, ती त्याची चालू होतानाची व्हॅल्यू आहे. तो आकडा टाकून द्या.

१४. पिना कमी पडतायत, एमसीपी२३०१७ घेतला, पण जीपीआयओच्या मेन्यूत त्याचा ड्रायव्हर नाही.

तो पिन कंट्रोलर्समध्ये आहे, नाव पिनकंट्रोल_एमसीपी२३एस०८, नाव वेगळं असलं तरी २३०१७ त्यातच येतो. १६ लाइनी मिळतात, आयटूसी पत्ता ०x२० ते ०x२७. मायक्रोचिपने नंतर सुधारलेल्या डेटाशीटप्रमाणे जीपीए७ आणि जीपीबी७ या दोन लाइनी फक्त आउटपुटला वापरायच्या, इनपुट बाकीच्या १४ वर घ्या.

फ्लोट स्विच एक्सपांडरवर लावून जीपीआयओमॉन चालवायचं असेल तर एक्सपांडरची इंटरप्ट पिन (काही बदललं की कळवणारी) पायच्या एका पिनला जोडून ओव्हरलेमध्ये ती सांगावी लागते, नाहीतर मॉन एरर देऊन बाहेर पडतो. वाचणं आणि लिहिणं मात्र तिच्याशिवायही चालतं.

१५. बॅटरी संपत आली की पाय आपोआप नीट बंद व्हावा, आणि लाईट आली की चालू. पिनने जमेल?

जमेल. यूपीएसची लो बॅटरी लाइन "जीपीआयओ-शटडाउन" ओव्हरलेला द्या, कर्नलला ती पॉवर बटण दाबल्यासारखी दिसते आणि सिस्टमडी नीट बंद करतो. त्याची मूळ पिन ३ आहे, आणि पाय थांबलेला असताना हीच ३ नंबर ग्राउंड केली की तो परत उठतो. पण ३ नंबर आयटूसीची क्लॉक लाइन पण आहे, म्हणजे प्रश्न १४ चा एक्सपांडर पहिल्या आयटूसीवर लावला असेल तर शटडाउनला दुसरी पिन द्या.

बंद झाल्यावर यूपीएसला "आता पुरवठा तोड" सांगायला "जीपीआयओ-पॉवरऑफ" आहे, मूळ पिन २६. तो वापरलात की ३ नंबरने उठवणं चालत नाही, मग उठवायचं काम यूपीएसनेच पुरवठा परत देऊन करायचं. दोन्ही एकदम मागणारे इथेच अडकतात.

१६. पाय ४ चं कार्ड काढून पाय ५ मध्ये घातलं, पिना मेल्या.

पाय ५ मध्ये हेडरच्या पिना मुख्य चिपवर नाहीतच, त्या आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपवर आहेत. आरपीआय.जीपीआयओ ही जुनी पायथॉन लायब्ररी कर्नलला न विचारता थेट मुख्य चिपच्या रजिस्टरमध्ये लिहायची, म्हणून ती तिथे चालत नाही, तिच्या जागी आरपीआय-एलजीपीआयओ घाला, कोड बहुतेक तसाच चालतो. सुरुवातीच्या कर्नलमध्ये हेडरची चिप जीपीआयओचिप४ होती, नंतर ० झाली, त्यामुळे जुन्या लेखातला ४ आकडा तसाच उचलू नका, "पिनकंट्रोल-आरपी१" हे लेबल शोधा. प्रश्न ७ चं कारण इथे परत लागू.

१७. बोर्ड घ्यायला पैसे नाहीत, कॉलेजचा जुना पीसी आहे. शिकता येईल?

अगदी व्यवस्थित. जीपीआयओ_सिम हा ऑप्शन एम करा (५.१७ कर्नलपासून आहे), कॉन्फिगएफएसमध्ये (फोल्डर करून कर्नलमध्ये गोष्टी तयार करायची जागा) एक फोल्डर, त्यात बँकेचं फोल्डर, "नम_लाइन्स" मध्ये आकडा, मग "लाइव्ह" मध्ये १ लिहिलं की खोटी चिप तयार, तिच्यावर सगळ्या कमांड खऱ्यासारख्या चालतात आणि लाइनच्या "पुल" फाइलमध्ये लिहून बाहेरून बटण दाबल्याचा भासही करता येतो. खऱ्या पिना हव्या असतील तर एमसीपी२२२१ चा यूएसबी तुकडा घ्या, चार पिना आणि आयटूसी मिळतं, ड्रायव्हर एचआयडीच्या मेन्यूत आहे. पीसीच्या मदरबोर्डवरच्या सुपर आयओ चिपच्या पिनांना हात लावू नका, त्यातल्या कुठल्या पंख्याला आणि वीजपुरवठ्याला गेल्यात ते बाहेरून कळत नाही.

१८. स्वतःचा ड्रायव्हर लिहितोय, १ लिहिलं की रिले बंद होतो आणि ० ला चालू. उलटं का?

डिव्हाइस ट्रीमध्ये "अॅक्टिव्ह लो" लिहिलंय आणि कोडमध्ये पण तुम्ही उलटवताय, असं दोनदा झालंय. gpiod वाल्या फंक्शनमध्ये, म्हणजे जीपीआयओडी_सेट_व्हॅल्यूमध्ये, १ चा अर्थ "चालू" एवढाच, पिनवर किती व्होल्ट हे डिव्हाइस ट्री ठरवते. कोडमधला उलटा काढून टाका. ट्रीमध्ये प्रॉपर्टीचं नाव "पंप-जीपीआयओज" ठेवा आणि कोडमध्ये नुसतं "पंप" मागा. आकडा देऊन पिन मागणारी जुनी फंक्शनं नव्या कोडमध्ये वापरूच नका.

लाइन एक्सपांडरवर जाण्याची शक्यता असेल तर "कॅनस्लीप" वालं फंक्शन वापरा, कारण आयटूसीवर लिहिताना थांबावं लागतं, आणि इंटरप्ट हँडलरच्या (पिन बदलली की कर्नल चालवतो ते फंक्शन) आतून थांबता येत नाही. पायच्या स्वतःच्या पिनवर टेस्ट करताना ही चूक दिसत नाही, एक्सपांडरवर हलवलं की कर्नल लॉगमध्ये वॉर्निंगचा पाऊस पडतो. हँडलर थ्रेडेड (थांबता येईल अशा वेगळ्या थ्रेडमध्ये चालणारा) करा.

१९. सगळं जमलं, महिन्याने एपीटी अपग्रेड केलं आणि माझा कर्नल गायब.

तुम्ही मूळच्याच नावाने फाइल ठेवली होती, पॅकेजने ती बदलली. पाय ४ ला मूळ नाव कर्नल८.आयएमजी, पाय ५ ला कर्नल_२७१२.आयएमजी. आपल्या फाइलला वेगळं नाव द्या आणि कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये "कर्नल=" लिहून ते नाव सांगा. लोकलव्हर्जनमध्येही (कर्नलच्या व्हर्जनला जोडायची शेपटी) स्वतःची खूण घाला म्हणजे मॉड्यूलचं फोल्डर वेगळं राहतं, नाहीतर कर्नल एक आणि मॉड्यूल दुसरे होऊन मॉडप्रोब "एक्झेक फॉरमॅट एरर" देतो. "मेक सेव्हडेफकॉन्फिग" ने जी छोटी फाइल तयार होते ती पेनड्राइव्हवर किंवा मेलवर ठेवा, त्यात फक्त कर्नलच्या डिफॉल्टपेक्षा वेगळे असलेले ऑप्शन असतात आणि पुढच्या कर्नलला तेवढीच लागते.